कोणते तायडे?

योगेश तायडेला पुणेकरांची भीती वाटत नसे. असं म्हणणारा माणूस एक तर स्वतः पुणेकर असतो किंवा थापाड्या, पण योगेश दोन्ही नव्हता. तो अकोल्याकडचा होता आणि त्यानं एक गोष्ट हेरून ठेवली होती. पुण्यातला माणूस नवी ओळख झाली की आडनाव विचारतो, आडनाव ऐकून क्षणभर डोळे बारीक करतो आणि मनातल्या कुठल्याशा खणात समोरच्याला ठेवून देतो. जोशी असेल तर हा खण, कांबळे असेल तर तो. 'तायडे' म्हटलं की मात्र त्याची पंचाईत होते. वऱ्हाडातली आडनावं या खणांत बसत नाहीत. मग "तायडे म्हणजे तिकडचेच ना, अकोला-बिकोला? ऊन फार हो तुमच्याकडे," एवढं म्हणून तो चहाकडे वळतो.

भीती होती ती स्वतःच्या मुलखाची. तिकडे तायडे कुणब्यांत आहेत आणि बौद्धांतही आहेत. त्यामुळे तिकडचा माणूस नुसत्या आडनावावर थांबत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतोच: "कोणते तायडे?" विचारणारा हसून विचारतो, पण उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही. हडपसरच्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत योगेश टीम लीड होता, तिथं दरवर्षी नवी पोरं भरती व्हायची. त्यात कोणी अमरावतीचं किंवा वाशीमचं आहे असं कळलं की ते कुठल्या मजल्यावर बसणार, हे योगेश आधी बघून ठेवायचा. परमुलखात गाववाला भेटला की लोकांना भरून येतं. हा गडी गाववाला दिसला की लिफ्ट सोडून जिन्यानं जायचा.

जन्मतः तो काही भित्रा नव्हता. वडील जिल्हा परिषदेत शिपाई, राखीव जागेवर लागलेले. त्या नोकरीनं घरात दोन वेळची चूल पेटली आणि पोरांच्या हातात पुस्तकं आली. योगेश शाळेत हुशार निघाला, राखीव जागेवर पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला, आणि त्याची आई वेणूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन वस्तीतल्या घराघरांत फिरली. पण पुण्यात कॉलेजच्या फळ्यावर प्रवेशाची यादी लागली होती. नावापुढे मार्क आणि मार्कांपुढे प्रवर्ग. होस्टेलच्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात आपल्या मार्कांतून त्याचे मार्क वजा करून पाहिले आणि त्याचं नाव ठेवलं, 'सरकारी जावई'. तिसऱ्या वर्षी एका विषयात तो वर्गात पहिला आला, तेव्हा सर सगळ्यांसमोर कौतुकानं म्हणाले, "अरे वा, तुलासुद्धा जमलं की!" सर मनापासून खूश झाले होते. म्हणूनच ते योगेशला जास्त लागलं.

दार उघडून मिळालं ते आरक्षणामुळे, हे तो कधीच नाकारत नसे. ते नसतं तर आपण आज अकोल्यात कुणाच्या तरी दुकानात माल उतरवत असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दारातून आत येताना कोणीतरी पाठीवर खडूनं काहीतरी लिहून ठेवलंय आणि आपला हात तिथवर पोचत नाही, असंही त्याला चारही वर्षं वाटत राहिलं. दोन्ही खरं होतं. त्यामुळे या विषयावर वाद घालणाऱ्या माणसांचा, मग ते कुठल्याही बाजूचे असोत, त्याला हेवाच वाटायचा.

मग नव्या जमान्याच्या कंपन्या आल्या. या कंपन्या जात विचारत नाहीत, परीक्षा घेतात, असं सगळे म्हणत होते. योगेशनं परीक्षा दिली आणि तो वरच्या नंबरानं लागला. इथं राखीव जागाच नव्हत्या, म्हणजे वजाबाकी करायलाही काही नव्हतं. पहिल्या दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या सलिल देवधरनं सहज विचारलं, "तायडे म्हणजे मराठाच ना रे?" योगेश कॉम्प्युटरची वायर लावत होता. तो "हं" म्हणाला. ठरवून म्हणाला नाही, निघून गेलं. आणि एकदा निघून गेलेल्या त्या 'हं'वर त्यानं पुढची नऊ वर्षं काढली.

हे सोपं नव्हतं. चौदा एप्रिलला कंपनीला सुट्टी नसायची, पण योगेशची दाढ दरवर्षी नेमकी त्याच दिवशी ठणकायची. "एकदाची उपटून टाक ना ती," असं सलिल म्हणायचा. वेणूबाई पुण्यात आली की कंपनीतल्या कुणालाही घरी बोलवायची सोय नसे, कारण ती दारात आलेल्या प्रत्येकाला मोठ्यानं 'जय भीम' घालायची, मग तो गॅसवाला का असेना. बायकोला, नम्रताला, हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. ती अकोल्यात शिक्षिका होती, आता हडपसरच्या एका शाळेत शिकवत होती, आणि तिथं तिनं पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं.

"आपण काय चोरी केली का?" ती विचारायची.

"तसं नाही. आज ते माझ्या कामाकडे बघतात. उद्या कळलं की माझ्याकडे बघतील."

"मग बघू द्या की."

यावर योगेश टीव्हीचा आवाज वाढवायचा.

दोन हजार सात साली भाग्यश्री वानखडे कंपनीत आली. अमरावतीची, बारीक चणीची, बोलण्यात फटकळ, इंग्रजी सफाईदार आणि काम लखलखीत. आल्यावर आठवड्याभरातच तिनं योगेशला चहाच्या मशीनपाशी गाठलं. तिथं जिना नव्हता.

"सर, तुम्ही तिकडचेच ना? कोणते तायडे?"

"बाळापूरकडचे," योगेश म्हणाला.

भाग्यश्री हसली. विचारलं काय आणि सांगितलं काय, हे तिच्या ध्यानात आलं होतं. कुणबी असता तर गडी सरळ 'कुणबी' म्हणाला असता; गावाचं नाव पुढे करणारा तायडे कोणता असतो, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल. तिनं फक्त "आमचं घर भीमनगरात," एवढंच सांगितलं आणि कप घेऊन गेली. त्या दिवशी योगेशच्या हातून एका फाइलवर दुसरीच फाइल चढली. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पुढचे काही दिवस तो तिच्याकडे चोरून बघत राहिला. ही कोणाजवळ काही बोलली का, कोणाच्या कानाला लागली का? पण ती त्याला इतरांसारखंच 'गुड मॉर्निंग सर' म्हणायची आणि कामाला लागायची.

त्या सुमाराला खासगी कंपन्यांतही आरक्षण आणायचं, अशी चर्चा दिल्लीत चालली होती. कायदा मानगुटीवर बसण्याआधी आपणच काहीतरी करून दाखवावं, असं उद्योगवाल्यांत शिजत होतं. कंपनीचे मोठे साहेब अशाच एका बैठकीहून दोन कामं घेऊन आले. एक, आपल्याकडे दलित आणि आदिवासी किती आहेत ते मोजायचं. दुसरं, त्यांच्यातल्या एकाला बंगळूरला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं, खर्च उद्योगवाल्यांचा आणि परत आल्यावर मोठ्या प्रकल्पात जागा. दोन्ही कामं कादंबरी लेले यांच्या गळ्यात पडली. लेलेबाई मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या, सदाशिव पेठेतल्या, पन्नाशीच्या. कंपनीत एकमेकांना अरे-तुरे चालायचं तरी त्या सगळ्यांना 'अहो' म्हणत. त्यांनी सगळ्यांना मेल पाठवली. ज्यांची इच्छा असेल त्यांनी कळवावं, माहिती गुप्त राहील.

त्या दिवशी कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता.

"म्हणजे आता कोडिंगलासुद्धा कोटा," सलिल म्हणाला. "यापुढे विमानात बसताना पायलट कुठल्या कोट्यातला ते विचारून घ्यायचं."

टेबल हसलं. योगेशही हसला, पण जरासा उशिरा, आणि तो उशीर कोणाच्या लक्षात आला की काय या विचारानं त्यानं एकेकाचं तोंड न्याहाळलं. सलिल तसा वाईट माणूस नव्हता. नम्रताच्या बाळंतपणात रक्त लागलं तेव्हा पावसात स्कूटर मारत आला होता, रक्त देऊन वर सगळ्यांना वडापाव खाऊ घातले होते. अशा माणसानं तोंड फिरवलं तर काय करायचं, हीच तर योगेशची धास्ती होती. आणि दुसरीही एक होती. डिलिव्हरी मॅनेजरच्या जागेसाठी त्या वर्षी योगेश आणि सलिल या दोघांचीच नावं वर गेली होती. जात कळली आणि जागा हुकली, तर निदान राग तरी धरता येईल. पण कळली आणि जागा मिळाली, तर? मग सलिल म्हणेल, आकडा दाखवायला याला वर घेतलं. सलिलला ते मनापासून खरं वाटेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तसं नसेलच याची खुद्द योगेशलाही खात्री देता येणार नाही.

लेलेबाईंच्या मेलला अख्ख्या कंपनीतून एकच उत्तर आलं. कोणाचं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण मोठ्या साहेबांना तो आकडा फारच केविलवाणा वाटला. "लोक संकोचत असतील, तुम्ही जरा पुढाकार घ्या," ते म्हणाले. लेलेबाईंनी पुढाकार घेतला. आडनावांवरून अंदाज बांधून त्यांनी श्याम गायकवाडला केबिनमध्ये बोलावलं आणि मायेनं म्हणाल्या, "अहो गायकवाड, संकोच कसला? अभिमानानं सांगा." श्याम सासवडकडचा मराठा. त्याचा आवाज काचेबाहेर सगळ्या मजल्याला ऐकू आला. "शहाण्णव कुळी घर आहे आमचं! मला कोण समजलात तुम्ही?" लोक कॉम्प्युटरमागे तोंडं लपवून हसले. योगेशला हसू आलं नाही. आपल्याला कोणी दलित समजलं तर एवढं ओरडावं लागतं, एवढंच त्याला त्यातून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं त्याला आलं.

"बसा तायडे. दार लावून घ्या."

योगेशनं दार लावलं. कळलं. कोणीतरी सांगितलं. भाग्यश्रीनंच सांगितलं. त्यानं खुर्चीची कड धरली.

"अहो, एवढा घाम? एसी वाढवू का?" लेलेबाई म्हणाल्या. "माझं एक काम आहे. आमच्या इकडची आडनावं तरी मला कळतात असा माझा समज होता. तो काल गायकवाडांनी दूर केला. तुमच्या विदर्भातली तर मला मुळीच कळत नाहीत. तुम्ही तिकडचे, मी नावं वाचते, तुम्ही फक्त कोण ते सांगा. आपल्या दोघांतच."

म्हणजे कळलं नव्हतं. योगेशला इतकं हलकं वाटलं की त्या काय मागताहेत हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. अशी माणसं ओळखून देणं बरं नव्हे, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. श्याम गायकवाड असता तर टेबलावर हात आपटून म्हणाला असता. योगेश म्हणाला नाही. मान हलवली.

"गावंडे?"

"कुणबी."

"राऊत?"

"असतात कुणबी."

"वानखडे." इथं लेलेबाईंनी चष्मा काढला. "ही नवीन मुलगी हो. फार हुशार आहे, इंग्रजी किती छान! मला आपलं वाटतं, ओबीसी आणि हे, यात तिचा काहीतरी घोटाळा झालाय. कुणबीच असेल, नाही का?"

कोणाचं ते एकुलतं एक उत्तर होतं, हे योगेशला त्या क्षणी कळलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न उभा होता: तुम्हाला कसं ठाऊक, तायडे? वानखडेही दोन्हींत असतात, मग ही त्यांतलीच हे तुम्ही कशावरून सांगता? त्याला तो प्रश्न ऐकूच येऊ लागला. लेलेबाई तर त्याच्याकडे किती विश्वासानं बघत होत्या.

"कुणबी असेल," तो म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी भाग्यश्री त्याला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर भेटली. भेटली कसली, त्याचीच वाट बघत उभी होती.

"सर, लेले मॅडमची मेल आली मला. म्हणतात, तुम्ही ओबीसीत येता, तुमचा गैरसमज झाला असेल. बंगळूरच्या जागेसाठी विचार नाही करता येणार. विदर्भातल्याच एका सीनिअर माणसाकडून खात्री करून घेतली म्हणे." तिनं कप खाली ठेवला. "इथं विदर्भातले सीनिअर कोण कोण आहेत सर?"

"असतील," योगेश म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"असतील." तिनं आवाज चढवला नाही. "मी उद्या पहाटे अमरावतीले चालली. ओरिजिनल दाखला घेऊन येते. सोमवारी मॅडमच्या टेबलावर ठेवते."

"भाग्यश्री, कशाला एवढं? तू आज ना उद्या बंगळूरला गेलीच असतीस. तुझ्या कामावर. मग कोणाला बोलायला जागा राहिली नसती. असं गेलीस, तर जन्मभर कोट्यातली म्हणतील."

"म्हणतील ना. न जाता काय म्हणतात ते ऐकलं नाही का कँटीनमध्ये?" ती म्हणाली. "सर, माझी आई वीटभट्टीवर होती. मी इंजिनिअर झाली ते सीट होती म्हणून. तुम्ही म्हणता कामावर जा. अहो, पण त्या कामापर्यंत मी पोचलीच नसती ना. मग मी काहून लपवू?"

"तुला भीती नाही वाटत?"

"लय भेली होती मी कॉलेजात. रडली पण. आता कंटाळा आला बाप्पा भेण्याचा." एवढं बोलून ती बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. त्याचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही, आणि योगेशला तेच सहन होईना.

शनिवार त्याचा सोमवार बघण्यात गेला. दाखला टेबलावर पडणार. लेलेबाई चष्मा काढणार. अहो तायडे, तुमच्यासारख्या तिकडच्या माणसाचं चुकलं कसं? मग त्या विचार करणार. हुशार बाई, दोन आणि दोन चार करायला तिला वेळ लागणार नाही. संध्याकाळपर्यंत सलिलच्या कानावर. सलिल येऊन हसत पाठीवर थाप मारणार आणि म्हणणार, आम्हाला काय फरक पडतो यार? आणि त्यानंतर योगेशच्या प्रत्येक चुकीकडे सगळे समजूतदारपणे बघणार. हा समजूतदारपणा डोळ्यांपुढे आला की त्याला गुदमरल्यासारखं व्हायचं. जेवताना मुलगी काहीतरी विचारत होती, ते त्याला दोनदा ऐकू आलं नाही.

रविवारी सकाळी नम्रता त्याला मंडईत घेऊन गेली. मेथीच्या ढिगापाशी तिनं सहज विचारलं, "काय झालं हो तुम्हाला?" आणि त्या गर्दीत, चारी बाजूंनी भाव ओरडले जात असताना, योगेशनं सगळं सांगून टाकलं.

नम्रताच्या हातातली जुडी हातातच राहिली. "तुम्ही त्या पोरीला खोटं पाडलं?"

"खोटं नाही पाडलं. मी फक्त..."

"तिनं खरं सांगितलं, तुम्ही नाही म्हटलं. मग खोटं कोण पडलं?"



"अहो ताई," भाजीवाली म्हणाली, "घेणार आहात, की घरचं भांडण इथंच निवडून नेणार?"

नम्रतानं पैसे दिले आणि मेथी पिशवीत कोंबली. घरी पोचेपर्यंत ती बोलली नाही. गाडीवरून उतरताना फक्त म्हणाली, "सगळ्या जगाला सांगू नका. माझं काही म्हणणं नाही. पण त्या पोरीपुरतं तरी बोला. जिच्यावर उलटलं तिच्यापुरतं."

योगेशनं ठरवलं. वाक्यही तयार केलं. 'मॅडम, भाग्यश्री सांगते ते खरं आहे, मी भीतीपोटी खोटं बोललो, मीसुद्धा बौद्ध आहे.' सोमवारी गाडीवरून येताना हेल्मेटच्या आत तो हे वाक्य घोकत आला. सिग्नलला थांबला की मोठ्यानं म्हणायचा, हेल्मेटबाहेर काही जात नसे. मगरपट्ट्यापर्यंत आवाज कापत होता. कंपनीच्या गेटापर्यंत ते कापणं जरा थांबलं. आपल्याला हे जमेल, असं बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आणि तसं वाटताच भीती उलट वाढली. तरी तो जिन्यानं न जाता लिफ्टमध्ये शिरला.

लेलेबाईंनी त्याला बोलावलंच होतं. केबिनमध्ये भाग्यश्री आधीपासून बसली होती, रात्रभरच्या प्रवासानं डोळे सुजलेले. टेबलावर दाखला होता, प्लॅस्टिकच्या पाकिटात.

"तायडे, या," लेलेबाई म्हणाल्या. त्या खरोखरच ओशाळल्या होत्या. "मी आत्ताच या मुलीची माफी मागितली. आठवडाभर तिला खोटं ठरवलं आपण. तिचं नाव मी आजच बंगळूरला पाठवते. पण मला एक कळत नाही." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही तिकडचे. इतक्या खात्रीनं सांगितलंत. तुमचं चुकलं कसं?"

शनिवारभर ऐकलेला प्रश्न जवळजवळ तसाच आला. त्यानं तोंड उघडलं. "मॅडम, मी..." आणि तो अडखळला. वाक्य होतं, पाठ होतं. त्यानं श्वास घेतला.

तेवढ्या वेळात भाग्यश्री बोलली.

"मॅडम, यात सरांची काही चूक नाही. सर कुणबी आहेत. माझी मावशी त्यांच्याच गावात दिलेली आहे, मला माहीत आहे ते घर. आमच्याकडे कुणब्यांचं आणि आमचं जाणं-येणं नसतं. त्यांना आमच्यातलं कसं कळेल?"

तिची मावशी बाळापूरकडे नव्हतीच. कुठलं घर आणि कुठलं काय. पण ती हे इतक्या सरळपणे म्हणाली की क्षणभर योगेशलाच ते घर दिसलं.

"असं आहे होय!" लेलेबाईंच्या चेहऱ्यावरची आठी गेली. "मी आपली काय काय विचार करत बसले होते. बोला तायडे, तुम्ही काय म्हणत होतात?"

योगेशनं भाग्यश्रीकडे पाहिलं. ती दाखल्याच्या पाकिटाकडे बघत होती. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दार बंद झालं. आता खरं बोलावं, तर ही खोटी पडते. आठवडाभरानं कुठे तिचा शब्द खरा धरला गेला होता, आणि पाच मिनिटांच्या आत तिनं त्याच टेबलावर त्याच्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं. त्यानं तोंड उघडलं तर बंगळूरचं नाव जाईल की राहील, कोण सांगणार? मॅडम म्हणतील, ही मुलगी हवं तेव्हा हवं ते सांगते. पुन्हा त्याच्याच तोंडून ती खोटी ठरेल, आणि या वेळी खरोखरची. आणि याही क्षणी, हे सगळं कळत असताना, त्याची भीती ओसरली होती. अंग सैल पडलं होतं. सुटलो, असं ते अंग म्हणत होतं. योगेशला स्वतःच्या अंगाची भीती वाटली.

"काही नाही," तो म्हणाला. "माझं चुकलं, एवढंच."

"चालायचंच. मी तरी कुठे शहाणी ठरले," लेलेबाई म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या.

बाहेर आल्यावर बोळात दोघंच होते. भाग्यश्रीनं दाखला पिशवीत नीट ठेवला, चेन लावली, इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "भेऊ नका सर. माझ्याकडून कोणाले कधीच नाही कळणार."

"भाग्यश्री, मी आज सांगणार होतो. खरंच सांगतो. आत आलो तो सांगायलाच आलो होतो."

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती. वडीलधारं माणूस काहीतरी बोलतं आणि आपण त्याचं मन मोडत नाही, तशी तिनं मान हलवली.

"हो सर," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर गेली. तिचा विश्वास बसलेला नाही, हे योगेशला तिच्या त्या आदरावरूनच कळलं.